पासवर्ड कॅलेंडरवर का जातो?

ताई, नमस्कार.

माझं वय २९. इतवारीत मुख्य कार्यालय असलेल्या एका पतसंस्थेत तीन वर्षांपासून संगणकाचं काम पाहते. सात शाखा, ४२ कर्मचारी, वर पिग्मी एजंट, आणि संगणक विभागात मी एकटी. संचालक मंडळाने सायबर सुरक्षेची नियमावली मंजूर केली आणि ती अमलात आणायचं काम माझ्याकडे दिलं. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायचा, तो बारा अक्षरांचा हवा, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, मोठं अक्षर हवं. लोक तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. खरंच सांगते, ज्या त्या महिन्याच्या पानावर, १ तारखेच्या चौकोनात. शाखाधिकारी वसुलीला बाहेर पडताना स्वतःचा पासवर्ड क्लार्कला सांगून जातात, व्हाउचर अडून राहू नये म्हणून. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं: ‘ताई, तुमच्या नियमाच्या नादात गिऱ्हाईक उभं राहून जाते ना जी!’

दिवाळीच्या आधी मी सगळ्यांना ‘बोनसची यादी पाहा’ अशी खोटी मेल पाठवली, कोण फसतं ते बघायला. १९ जणांनी लिंक दाबली. त्यांची नावं मी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्यात मुख्य शाखेच्या कॅशियर काकू होत्या, २२ वर्षं नोकरी झालेल्या. त्या सगळ्यांसमोर रडल्या. तेव्हापासून डबा खायला मला कोणी हाक मारत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या शाखेतल्या एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल निघाली. त्याचे स्वतःचे १८ हजार रुपये गेले. त्याच फोनवर संस्थेची मेल होती, आणि त्याने दोन दिवस कोणाला काही सांगितलंच नाही. संस्थेचं काही गेलं नाही हे नशीब. आता अध्यक्ष म्हणतात, प्रत्येक चुकीला ५०० रुपये दंड लावू. मला ते पटतंही आणि भीतीही वाटते. ही माणसं इतकी बेफिकीर का आहेत? मी काय केलं म्हणजे ती नियम पाळतील?

– एक त्रासलेली, नागपूर

*

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. मी २६ वर्षं बँकेत काढली, आधी काउंटरवर आणि मग आतल्या टेबलावर. तुझ्या पत्रातली एकेक खुर्ची मला ओळखीची वाटली.

आधी तो ‘बेफिकीर’ शब्द बाजूला ठेवू. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर एकदा कॅशियर काकूंच्या मागे अर्धा तास शांत उभी राहा. ओल्या स्पंजला बोट लावत त्या गड्ड्या मोजतील. एकदा मोजून झालेली गड्डी उलटी करून पुन्हा मोजतील, वर स्लिप लावून सही करतील. मग पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर किती, हे वहीत मांडतील. दहा रुपये कमी आले तर घरी जायला कोणी उठणार नाही, दिवसभराची सगळी व्हाउचरं पुन्हा चाळली जातील. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, आणि शाखाधिकारी वसुलीला गेले म्हणून त्यांनी आपली किल्ली क्लार्कच्या खिशात टाकली, असं तुमच्याकडे कधी झालं आहे का? झालं असतं तर तू पत्रात नक्की लिहिलं असतंस.

म्हणजे नियम पाळणं काय असतं, हे तुझ्या ४२ माणसांना चांगलं ठाऊक आहे. कित्येक जण तर तू शाळेत होतीस तेव्हापासून ते करताहेत. रोख रक्कम डोळ्यांना दिसते, हाताला लागते. ती कमी पडली तर कोणाची कमी पडली, हे त्याच संध्याकाळी कळतं. शिवाय ही शिस्त त्यांना कोणी नियमावलीतून शिकवली नाही. आधीच्या कॅशियरच्या शेजारी बसून ती त्यांच्या अंगात मुरली आहे. पासवर्ड मात्र दिसत नाही, तो चोरीला गेला तरी जागेवरच असतो, आणि त्याबद्दल सांगणारी तू तीन वर्षांपूर्वी आलेली मुलगी आहेस. या तीन गोष्टींचं ओझं तुझ्या माणसांच्या मनावर आहे. त्यांच्या स्वभावात खोट शोधू नकोस.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डोक्याला दुपट्टा बांध, असं कोणाला सांगावं लागतं का? पोलीस लागतो का? ऊन अंगाला लागतं, दुपट्टा बांधायला अर्धं मिनिट लागतं आणि आजूबाजूची सगळी बांधतात, नाही बांधला तर घरातलीच माणसं ओरडतात. हेल्मेटचं तसं नाही. ते आरशाला लटकलेलं असतं आणि चौकात शिपाई दिसला की डोक्यावर चढतं. डोकं तेच, माणूसही तोच. तुझी नियमावली सध्या हेल्मेटसारखी आहे आणि त्यातला शिपाई तू झाली आहेस. म्हणूनच तुला डब्याला कोणी बोलावत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या दोन परिच्छेदांकडे येते. तू ते वेगवेगळे लिहिलेस. मला ते एकच वाटले. दिवाळीच्या आधी काकूंचं नाव ग्रुपवर आलं. काही महिन्यांनी एका मुलाने चुकीची फाइल उघडली आणि दोन दिवस तोंड शिवून बसला. त्या ग्रुपमध्ये तोही होता ना? २२ वर्षं नोकरी झालेल्या बाईचं एका लिंकसाठी काय झालं, हे त्याने पाहिलं होतं. त्याने स्वतःच्या १८ हजारांचं नुकसान गिळलं, पण तुझ्याकडे आला नाही. हे वाचताना मला त्याचीच काळजी जास्त वाटली. घरीही त्याने सांगितलं नसेल.

फाइल उघडणं ही चूक कोणाकडूनही होऊ शकते. लग्नसराईत ओळखीच्या नंबरवरून पत्रिका आली तर ती उघडणं हा आपल्याकडचा साधा शिष्टाचार आहे, आणि नेमका तोच पाहून ठगांनी हा सापळा लावला आहे. त्यात अडकलेल्या माणसाचा फोन हाती आला की त्याच्याच नंबरवरून तीच पत्रिका पुढे जाते, म्हणून ती ओळखीच्याकडून आल्यासारखी दिसते. संस्थेला खरा धोका होता तो त्या दोन दिवसांचा. अशा वेळी पहिले काही तास सोन्यासारखे असतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते गोठवले जाण्याची शक्यता असते. पुढच्या खात्यांत पांगले की हाती काही लागत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. सहा तास! तुझ्याकडे बातमी दोन दिवसांनी आली. भीतीने गप्प बसणारी माणसं असतील तर तो नियम तुला कधीच पाळता येणार नाही, मग नियमावली कितीही कडक कर.

त्या बोनसच्या मेलबद्दल मला तुला थोडं रागवायचं आहे. चाचणी घेणं चूक नाही. आमिष म्हणून तू जे निवडलंस ते चुकलं. पतसंस्थेतल्या माणसाला दिवाळीच्या बोनसची किती वाट असते, हे तू रोज बघतेस. त्याच्या गरजेला हात घातला की तो फसणारच, त्यातून त्याच्या सावधपणाबद्दल काही कळत नाही. ही चूक मोठमोठ्या लोकांनीही केली आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये, कोरोनाच्या त्या वाईट वर्षात, गोडॅडी या अमेरिकी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसची खोटी मेल पाठवली होती. सुमारे पाचशे जण फसले, आणि कंपनीवर इतकी टीका झाली की तिलाच कर्मचाऱ्यांची माफी मागावी लागली.

तूही माग. आधी काकूंची, एकटीने, त्यांच्या काउंटरवर जाऊन. मग त्याच ग्रुपवर, जिथे नावं टाकली होतीस तिथे. दोन ओळी पुरेत: ‘मी नावं टाकायला नको होती, माझी चूक झाली. यापुढे कोणाचंही नाव असं येणार नाही.’ त्याच्यापुढे ‘पण’ लावू नकोस. ‘पण तुम्हीही काळजी घ्यायला हवी होती’ हे लिहिलंस की माफी संपली. यामुळे तुझा मान कमी होईल असं तुला वाटत असेल. मी अशा माफ्या मागितलेली माणसं पाहिली आहेत, नंतर लोक त्यांच्याच टेबलाशी येऊन बसायचे.

पाचशे रुपये दंड नको. अध्यक्षांना हे मुद्देसूद सांग. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे, म्हणून उशिराला दंड लावला. उशिरा येणारे वाढले. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची मनाला लाज वाटायची, दंड भरला की तीही गेली. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. तुमच्याकडे याहून वाईट होईल. पाचशे रुपये वाचवायला लोक चूकच लपवतील, आणि त्या मुलाचे दोन दिवस पुढच्या वेळी दोन आठवडे होतील. पिग्मी एजंटांचं तर विचारूच नकोस, दिवसभर उन्हात फिरून त्यांच्या हाती जे कमिशन पडतं त्यात पाचशे म्हणजे मोठी रक्कम आहे.

आता कॅलेंडरकडे वळू. मला त्या चौकोनाचा राग आला नाही, उलट त्यामागचं कारण लख्ख दिसलं. तुमचा पासवर्ड महिन्याला बदलतो आणि कॅलेंडरचं पानही महिन्याला बदलतं. बारा अक्षरांची ती अगम्य ओळ डोक्यात बसायच्या आत जुनी होते, मग माणसाने जिथे तारखा, दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसचा नंबर लिहायची सवय आहे तिथेच ती लिहिली. १९९९ सालीच लंडनमधल्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसी या दोन संशोधकांनी कर्मचाऱ्यांशी बोलून हे दाखवून दिलं होतं: पासवर्ड लिहून ठेवणारी माणसं सुरक्षेची शत्रू नसतात, न झेपणाऱ्या नियमातून ती वाट काढत असतात. ‘आकडा हवा, चिन्ह हवं, सारखा बदला’ ही जगभर पसरलेली पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण-संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शनातून आली. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल जाहीर पस्तावा व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने आपला सल्ला बदलला. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका. लांब असू द्या, आणि फुटल्याचा संशय आला तर मात्र तात्काळ बदला.

तुमचे ऑडिटर ३० दिवसांचा आग्रह धरत असतील तर परस्पर काही बदलू नकोस. त्यांच्याशी बसून बोल, कागदावर घे. तोवर तुझ्या हातात एवढं आहे: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, स्वतःच्या बोलीतले, रोमन अक्षरांत एकापुढे एक. वऱ्हाडी शब्द असतील तर उत्तमच, परदेशातल्या शब्दयाद्यांत ते सहज सापडायचे नाहीत. मात्र स्वतःचं आडनाव, मुलीचं नाव, गाडीचा नंबर त्यात नको. आणि लिहून ठेवल्याशिवाय ज्यांना जमतच नाही त्यांना रागावू नकोस. चिठ्ठी लिहा, पण ती पाकिटात ठेवा, नोटांच्या शेजारी, भिंतीवर नको. पैशाचं पाकीट ही माणसं कशी सांभाळतात ते तुला माहीत आहेच. त्यासोबत मोबाइलवर ओटीपीसारखी दुसरी खूण येण्याची सोय सुरू केलीस, तर नुसता पासवर्ड फुटल्याने दार उघडणार नाही.

शाखाधिकाऱ्यांचा पासवर्ड क्लार्ककडे असणं ही तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि इथे मी ऐकीव काही सांगत नाही.

२००९ चा ३१ मार्च. मी तेव्हा एका बँकेच्या नागपुरातल्या शाखेत होते. आमचे साहेब ऑडिटरांसोबत वरच्या मजल्यावर अडकले होते. खाली व्हाउचरांचा ढीग. त्यांनी एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून शिपायाबरोबर पाठवला, ‘तुम्हीच पास करा’ म्हणून. रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्या आयडीने मी व्हाउचरं पास करत बसले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट साहेबांनी विश्वास टाकला याचं बरं वाटलं. दोन महिन्यांनी कळलं की त्यातलं एक व्हाउचर खोटं होतं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या एका बचत खात्यातून कोणीतरी रक्कम काढली होती. संगणकात आयडी साहेबांचा, मशीन माझ्या टेबलावरचं. साहेब म्हणत मी तर वर होतो. मी म्हणत होते व्हाउचर सह्यांनिशी माझ्यासमोर आलं. दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनाही ते सिद्ध करता येत नव्हतं. आठ महिने चौकशी चालली. शेवटी करणारा सापडला, आम्ही सुटलो. पण बारा वर्षं एकत्र चहा घेणारे आम्ही, पुन्हा कधी एका टेबलावर बसलो नाही.

हे मी तुझ्या शाखाधिकाऱ्यांसाठी लिहिते आहे, हवं तर त्यांना वाचायला दे. त्यांना ‘पासवर्ड शेअर करू नका’ असं सांगून उपयोग नाही, ते शब्द त्यांच्या कानावरून गेले आहेत. त्यांना विचार, ‘साहेब, सही केलेला कोरा चेक क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवून वसुलीला जाल का?’ त्यांच्या तोंडून जे उत्तर येईल तेच पासवर्डला लागू आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा आयडी हीच त्यांची सही आहे.

पण नुसतं एवढ्यावर सोडू नकोस, कारण ते जे सांगतात तेही खरं आहे. गिऱ्हाईक उभं असतं. कोणाला दवाखान्यासाठी मुदतीच्या आधी ठेव मोडायची असते, साहेब कळमन्याला गेलेले असतात. अमेरिकेतल्या ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली नियम मोडणारी माणसं स्वतःच्या मनाला काय समजावतात याची मांडणी केली होती. ‘यात कोणाचं नुकसान झालं?’, ‘माझ्या हातात नव्हतं’, ‘सांगणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघावं’, आणि सगळ्यात मुरलेलं समर्थन, ‘मी दुसऱ्या कोणासाठी केलं’. २०१० मध्ये मिक्को सिपोनेन आणि अँथनी व्हान्स यांनी हीच मांडणी कार्यालयांतल्या संगणक-नियमांना लावून पाहिली, आणि माणसं नियम का मोडतात हे समजायला ही समर्थनं फार महत्त्वाची ठरतात असं त्यांना आढळलं. तुझं ‘गिऱ्हाईक उभं राहून जाते ना जी’ हे त्यातलंच शेवटचं. ते खोटं नाही, म्हणूनच इतकं टिकाऊ आहे. त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. साहेब बाहेर असताना पास करायचा अधिकार शाखेतल्या दुसऱ्या एका व्यक्तीला स्वतःच्या आयडीने द्या, ठरावीक रकमेपर्यंत, संचालक मंडळाच्या ठरावाने. त्यावरची रक्कम मुख्य कार्यालयातून पास होऊ द्या. मात्र ज्याने नोंद केली त्यानेच ती पास करायची नाही, हे सॉफ्टवेअरमध्येच बांधून घे. गिऱ्हाईक दहा मिनिटांत मोकळं झालं की ते समर्थन आपोआप गळून पडेल. ही सोय न करता तू फक्त बंदी आणलीस, तर लोक गिऱ्हाइकाची बाजू घेतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना दुरून मशीनमध्ये शिरायची जी सोय तुम्ही दिली असेल, ती काम झालं की बंद होते का, हेही एकदा बघ. ‘परत परत कोण चालू करेल’ म्हणून ती कायम उघडी राहते, असं मी फार ठिकाणी पाहिलं.

यापुढचं काम तुझं एकटीचं नाही, अध्यक्षांचं आहे. हल्ली अध्यक्षांचा फोटो लावलेल्या नंबरवरून मेसेज येतो: ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यात लगेच पैसे टाका.’ आपल्याकडची माणसं याला बळी पडतात ती मूर्ख म्हणून नव्हे. मोठ्या माणसाला उलट विचारायचं नाही, हे आपल्या घराघरात शिकवलेलं असतं. साहेबांनी सांगितलं आणि आपण परत फोन करून ‘खरंच तुम्हीच का?’ म्हणायचं, म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं. तू हजार वेळा सांगितलंस तरी हा संकोच जाणार नाही, कारण तो तुझ्याबद्दल नाहीच. अध्यक्षांनीच सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला हवं, ‘माझ्या नावाने पैसे किंवा पासवर्ड मागितला तर मला परत फोन करा. मी जेवत असलो, देवळात असलो, तरी करा. मी रागावणार नाही. न विचारता पैसे टाकले तर मात्र मला वाईट वाटेल.’ आणि मग कोणी खरंच फोन केला, तो मेसेज त्यांचाच निघाला, तरी त्या माणसाला त्यांनी शाबासकी द्यायला हवी. पहिल्या फोनला त्यांच्या आवाजात जरा जरी चीड आली, तर दुसरा फोन येणार नाही. हे त्यांना आधीच नीट समजावून ठेव.

एका माणसाने थांबून विचारल्याने काय होतं, याचं उदाहरण मनाशी ठेव. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने चोरांनी पैसे हलवण्याचे खोटे आदेश पाठवले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर मात्र अडले, कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या स्पेलिंगमधली चूक मधल्या बँकेत कोणाच्या तरी नजरेला खटकली आणि खुलासा मागवला गेला. ती नजर तुझ्या काकूंकडे आहे. हजार नोटांतली एक खोटी नोट त्या बोटाने ओळखतात.

चोरांनी वेळ कोणती निवडली तेही बघ. तिथे शुक्रवारची सुट्टी लागत होती. आपल्या पुण्यात कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला होऊन ९४ कोटी रुपये गेले, तो ११ तारखेला सुरू झाला, दुसऱ्या शनिवारी. सुट्टीत कार्यालयात विचारायला कोणी नसतं. तुमच्या इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि ढोलांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. अशा दिवसांसाठी कोणाला फोन करायचा ते आजच ठरव. एकच नंबर असू दे, आणि तो प्रत्येक काउंटरच्या काचेला आतून चिकटव, त्याखाली १९३०. तो नंबर तुझा असेल तर रात्री बारालाही उचल, आणि पहिलं वाक्य ‘बरं झालं लगेच सांगितलंत’ हेच असू दे. ‘असं कसं केलंत?’ हा प्रश्न तुझ्या ओठावर येईल. तो दुसऱ्या दिवशी विचार.

सगळंच माफ कर असं मी म्हणत नाही. कोणी खातेदारांची यादी बाहेर विकली किंवा सगळी सोय करून दिल्यावरही मुद्दाम दुसऱ्याच्या आयडीने व्यवहार केले, तर तिथे मऊ राहू नकोस. लेखी तक्रार कर, मग तो माणूस कितीही जुना असो. खातेदारांची माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे आकडे माणसांना घाबरवायला वापरू नकोस, संचालक मंडळाकडून तुला मदतनीस आणि पैसे मागताना वापर. सात शाखांना तू एकटी पुरणार नाहीस, आणि हे तू पत्रात तक्रार म्हणून लिहिलंही नाहीस, याचं मला वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी काकूंकडे जा. माफी मागून झाली की त्यांना विचार, खोटी नोट तुम्ही कशी ओळखता. मनापासून विचार, कारण ते तुला खरंच माहीत नाही. त्या दाखवतील: कागदाचा आवाज, धागा, शाईचा उठाव. मग तुझ्या फोनवर आलेली एक खोटी मेल त्यांना दाखव आणि त्यांच्या शेजारी बसून दोघी मिळून ती तपासा, पाठवणाऱ्याचा पत्ता, घाई लावणारी भाषा, चुकलेली अक्षरं. पुढच्या शाखेत शिकवायला जाशील तेव्हा काकूंना सोबत ने. तुझ्या तोंडून जे ऐकताना शाखाधिकाऱ्यांना जड जातं, ते त्यांच्याकडून सहज ऐकलं जाईल.

त्या मुलालाही एकदा भेट. त्याने १९३० वर तक्रार केली का विचार, नसेल तर सोबत बसून करून दे, उशीर झाला असला तरी. आणि दोन महिन्यांनी मला लिही. कॅलेंडरचं पान उलटल्यावर १ तारखेचा चौकोन कोरा होता का, आणि डबा कोणाबरोबर खाल्लास, हे दोन्ही लिही.